विश्लेषण : फोन कंपन्या टीव्हीच्या बाजारात, तालुक्याच्या हाती नियमन किती?

एच. डी. कोटे (म्हैसूर) : केबल टीव्हीचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला सुमारे तीन दशके आपल्या भागातील प्रधान टपाल कार्यालयात अर्ज करावा लागे. तेथील टपालप्रमुख हाच कायद्याने नेमलेला नोंदणी अधिकारी होता. १७ जानेवारी २०२५ पासून ही व्यवस्था बंद झाली. आता नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ या संकेतस्थळावर होते. दुसरीकडे, दूरध्वनी कंपन्या ब्रॉडबँडच्या जोडणीबरोबर टीव्ही वाहिन्याही देऊ लागल्या आहेत आणि त्यांना टपाल कार्यालयाची ही पायरी कधीच चढावी लागलेली नाही. एकाच घरातील एकाच पडद्यावर त्याच वाहिन्या दाखवणाऱ्या या दोन व्यावसायिकांवर स्थानिक पातळीवर कोणाचे आणि किती नियंत्रण आहे, हा प्रश्न त्यामुळे मोठ्या शहरांपेक्षा एच. डी. कोटेसारख्या तालुक्यांत अधिक टोकदार होतो.

हेग्गडदेवनकोटे हे या गावाचे पूर्ण नाव. म्हैसूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, कबिनी जलाशय आणि नागरहोळेच्या जंगलाच्या सान्निध्यात वसलेला हा तालुका केरळच्या वायनाड जिल्ह्याला भिडतो. तालुक्याच्या गावात बाजारपेठ आणि दाट वस्ती आहे. बाहेर पडले की विखुरलेली खेडी आणि जेनु कुरुब, काडु कुरुब या आदिवासी समाजांच्या ‘हाडी’ लागतात. अशा भागात केबलची तार टाकणे महाग पडते आणि प्रत्येक किलोमीटरमागे ग्राहक थोडे मिळतात. म्हणूनच तालुक्याच्या गावात केबल, खेड्यांत छतावरची डिश आणि जंगलालगत मोफत ‘डीडी फ्री डिश’, अशी वाटणी देशातील अनेक ग्रामीण तालुक्यांत दिसते. फोन कंपन्यांचा टीव्ही या वाटणीत चौथा भागीदार म्हणून येतो आणि तो आधी गावातील दाट वस्तीवर, म्हणजे केबलचालकाच्या उत्पन्नाच्या मुख्य भागावर, हक्क सांगतो.

टपालाच्या खिडकीतून पोर्टलवर

भारतात केबल टीव्ही आधी आला आणि कायदा नंतर. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे पेव फुटले. गल्लोगल्ली तरुणांनी डिश बसवल्या, झाडांवरून आणि गच्च्यांवरून तारा ओढल्या आणि घरोघरी जोडण्या दिल्या. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यादेश निघाला आणि पुढील वर्षी ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) अधिनियम, १९९५’ अस्तित्वात आला. नोंदणीशिवाय केबल जाळे चालवता येणार नाही, हे या कायद्याचे तिसरे कलम. नोंदणीसाठी टपाल खाते निवडण्यामागे साधा व्यवहार होता. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात हजर असलेले केंद्र सरकारचे दुसरे कार्यालय नव्हते.

ही नोंदणी हाताने भरलेल्या अर्जावर होई आणि ती ठरावीक क्षेत्रापुरतीच असे. नव्या नियमांनी तिचे स्वरूप पालटले. आधार, पॅन आदी तपशिलांची ऑनलाइन पडताळणी झाली की प्रमाणपत्र लगेच निघते. मुदत ५ वर्षांची, शुल्क ५ हजार रुपये आणि कार्यक्षेत्र संपूर्ण देश. नोंदणी अधिकारी आता मंत्रालयातील कक्ष अधिकारी आहे. त्याने नकार दिल्यास ३० दिवसांच्या आत अवर सचिवाकडे अपील करता येते. टपाल कार्यालयाने दिलेल्या नोंदण्या त्यांची मुदत संपेपर्यंत वैध राहतात.

चालकाची फेरी वाचली, यात शंका नाही. पण या बदलाची दुसरी बाजूही आहे. कोणत्या गल्लीत कोणाची तार आहे, कोणाची नोंदणी संपली आहे, कोण विनानोंदणी व्यवसाय करतो, याची निदान कागदावरची माहिती तालुक्याच्या जवळपास असे. आता ती नवी दिल्लीतील सर्व्हरवर आहे. नोंदणी देशभरासाठी झाल्याने एका भागातील चालकाला शेजारच्या भागात शिरण्याची कायदेशीर आडकाठीही उरलेली नाही. केबल व्यवसायात ‘आपली हद्द’ ही संकल्पना कायद्यात कधीच नव्हती. ती व्यवहारात होती आणि ती मोडली की भांडणे होत. नव्या नोंदणीने त्या अलिखित हद्दींना उरलासुरला आधारही ठेवलेला नाही.

फोन कंपनीची वाट वेगळी

दूरध्वनीच्या तारेवरून टीव्ही दाखवण्याचे प्रयोग भारतात नवे नाहीत. ‘एमटीएनएल’ने मुंबई आणि दिल्लीत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेट प्रोटोकॉल टीव्ही, म्हणजे आयपीटीव्ही, सुरू केला होता. तो फारसा रुजला नाही. त्या काळातील तांब्याच्या तारेचा वेग आणि टीव्हीच्या चित्राची भूक यांचा मेळ बसत नव्हता. मात्र त्या निमित्ताने केंद्राने ८ सप्टेंबर २००८ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांच्यावरच आजची फोन कंपन्यांची टीव्ही सेवा उभी आहे.

या तत्त्वांनुसार दूरसंचार सेवेचा परवाना असलेल्या कंपनीला आयपीटीव्हीसाठी केबलचालक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागत नाही. १०० कोटी रुपयांहून अधिक नक्त मालमत्ता असलेल्या इंटरनेट सेवा कंपन्यांनाही हीच मुभा मिळाली. कंपनीने दूरसंचार विभाग, माहिती व प्रसारण मंत्रालय आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) यांना स्वयंघोषणा द्यायची आणि काम सुरू करायचे. केंद्राची परवानगी असलेल्या वाहिन्याच दाखवण्याची आणि कार्यक्रम संहिता व जाहिरात संहिता पाळण्याची अट त्यांच्यावर आहे. नोंदणीकृत केबलचालकही त्याच नोंदणीवर आयपीटीव्ही देऊ शकतो. कागदावर दोघांना दार उघडे आहे. फरक भांडवलाचा आहे आणि दाद मागण्याच्या पत्त्याचाही.

इंटरनेट कंपन्यांवरील १०० कोटींची अट काढून टाकावी, अशी शिफारस ‘ट्राय’ने २१ फेब्रुवारी २०२५ रोजी केली. ती अमलात आली, तर जिल्ह्यापुरते इंटरनेट पुरवणारे छोटे व्यावसायिकही टीव्हीच्या व्यवसायात उतरू शकतील. अनेक केबलचालक आज स्वतःच इंटरनेटही विकतात. त्यांच्या दृष्टीने ही शिफारस मोठ्या कंपन्यांशी बरोबरी करण्याची संधी ठरू शकते. फोन कंपन्यांच्या बातम्यांच्या गर्दीत ती फारशी चर्चिली गेली नाही.

मोठ्या कंपन्या मात्र थांबलेल्या नाहीत. रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘डेन’ या केबल कंपनीत ६६ टक्के आणि ‘हॅथवे’मध्ये ५१.३ टक्के भागीदारी घेण्याची घोषणा केली. त्यासाठी अनुक्रमे २,२९० कोटी आणि २,९४० कोटी रुपये मोजण्यात आले. या दोन कंपन्यांशी जोडलेल्या २७ हजार स्थानिक चालकांना बरोबर घेऊन पुढे जाऊ, असे तेव्हा सांगण्यात आले होते. पुढे ५ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जिओ फायबर’ व्यावसायिक स्वरूपात आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या ग्राहकांसाठी ८०० हून अधिक वाहिन्यांची घोषणा झाली. ‘बीएसएनएल’ने २०२४ मध्ये फायबरवरील टीव्ही सेवा आणली. ‘एअरटेल’ने मार्च २०२५ मध्ये २ हजार शहरांत आयपीटीव्ही सुरू केला. या कंपन्यांसाठी टीव्ही हा ब्रॉडबँड विकण्यासाठी जोडलेला माल आहे. केबलचालकासाठी तो संपूर्ण दुकान आहे.

खांब, रस्ता आणि जंगल

टीव्ही कोणी दाखवावा, हे ठरवण्याचा अधिकार एच. डी. कोटेच्या नगर प्रशासनाला किंवा तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीला नाही. पण तार कोठून जाणार, यावर त्यांचे म्हणणे चालते. स्थानिक नियमनाचा खरा गाभा येथेच आहे आणि केबलचालक व फोन कंपनी यांच्यातील असमतोलही येथेच सर्वाधिक जाणवतो.

दूरसंचार कंपन्यांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम केले. सार्वजनिक जागेतून भूमिगत तार नेण्यासाठी अर्ज आला की संबंधित यंत्रणेने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. न दिल्यास परवानगी मिळाली, असे मानले जाई. प्रशासकीय खर्चापोटी किलोमीटरमागे कमाल १ हजार रुपये, शिवाय रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. याहून अधिक शुल्क लावण्यास मज्जाव होता. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले असून, सर्व राज्यांत एकसारखी ऑनलाइन पद्धत आणणे हा त्यांचा हेतू आहे. थोडक्यात, फोन कंपनीच्या अर्जावर स्थानिक संस्थेला अटी घालता येतात. पण तो अडवून ठेवता येत नाही आणि त्यातून मोठा महसूलही उभा करता येत नाही.

केबलचालकालाही मार्गाधिकार आहे. २०११ च्या दुरुस्तीने केबल कायद्यात ४-ब हे कलम आले. सार्वजनिक यंत्रणेच्या जागेवर, जागेखालून किंवा जागेवरून तारा नेण्याची आणि खांब उभारण्याची मुभा या कलमात आहे. अर्ज लवकर निकाली काढण्याची व्यवस्था राज्यांनी उभारावी म्हणून केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे द्यावीत, अशीही तरतूद त्यात आहे. परंतु येथे दूरसंचार नियमांसारखी ६० दिवसांची घड्याळबंद मुदत नाही, आपोआप मिळणारी परवानगीही नाही. हक्क दोघांना दिला गेला. मुदत एकालाच मिळाली. लहान गावातील चालक त्यामुळे अर्जाच्या भानगडीत न पडता विजेच्या खांबाचा आधार घेतो, ही देशभरची रीत आहे.

म्हैसूर जिल्ह्यात वीज वितरण चामुंडेश्वरी वीजपुरवठा महामंडळाकडे (सेस्क) आहे. खांबावरून तार न्यायची तर खांबाच्या मालकाची संमती लागते. संमती नसलेली तार वीज कंपनी कधीही उतरवू शकते. ती केबलची आहे की फायबरची, याने फरक पडत नाही. तरीही परिणाम सारखा होत नाही. कंपनी चार दिवसांत दुसरी तार टाकते. तार कापलेल्या चालकाचे ग्राहक तोवर दुसऱ्याकडे गेलेले असतात. कर्नाटकात असो की महाराष्ट्रात, खांबांवर लोंबणाऱ्या तारांच्या जंजाळाविरुद्ध मोहीम निघाली की पहिला फटका कोणाला बसतो, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. अर्थात मोहिमेमागचे कारण खोटे नाही. विजेच्या तारेशेजारून जाणारी सैल केबल हा जिवाशी खेळ आहे.

तिसरी यंत्रणा वन खात्याची. मार्गाधिकाराचे नियम वन आणि वन्यजीव कायद्यांना बाजूला सारत नाहीत. नागरहोळे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून तार न्यायची झाल्यास वन खात्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. जंगलाच्या कडेवरील हाडींपर्यंत तारेचा टीव्ही पोहोचणे केबलचालकाला जितके अवघड, तितकेच फोन कंपनीलाही. एच. डी. कोटे तालुक्यात दोघांना समान लागू पडणारे सर्वांत कडक स्थानिक नियमन कदाचित हेच असेल.

पण कंपनीकडे तारेला वळसा घालण्याचा एक मार्ग आहे. ‘एअरटेल’ने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि ‘जिओ’ने सप्टेंबर २०२३ मध्ये ५जी लहरींवर चालणारी घरगुती ब्रॉडबँड सेवा सुरू केली. छतावर किंवा खिडकीत एक यंत्र बसते आणि घरात इंटरनेटसह टीव्ही येतो. रस्ता खणायचा नाही, खांब चढायचा नाही. ग्राहकाच्या घरासमोरचा रस्ता ज्या स्थानिक संस्थेचा आहे, तिच्याकडे त्या जोडणीसाठी अर्जही येत नाही. तिचा संबंध उरतो तो मनोऱ्यापुरता. तारेवर आधारलेले स्थानिक नियमन या ठिकाणी अक्षरशः हवेत विरते.

पडद्यावर काय दिसते, ते कोण पाहणार?

मजकुराच्या बाबतीत केबल कायद्याने जिल्हा प्रशासनाला बरेच अधिकार दिले आहेत. जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस आयुक्त हे ‘प्राधिकृत अधिकारी’ आहेत. एच. डी. कोटे तालुका हुणसूर उपविभागात येत असल्याने येथे हा अधिकार हुणसूरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे आणि म्हैसूरच्या जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. कलम ११ नुसार विनानोंदणी जाळे चालवणाऱ्या किंवा संहिता मोडणाऱ्या चालकाची यंत्रसामग्री ते जप्त करू शकतात. कलम १९ खाली सार्वजनिक हितासाठी एखाद्या कार्यक्रमाचे किंवा वाहिनीचे प्रक्षेपण थांबवू शकतात. दूरसंचार यंत्रणेच्या कामात केबल जाळ्याने व्यत्यय आणता कामा नये, असेही कलम १० सांगते. १९९५ मध्ये केबलपासून फोनचे रक्षण करण्याची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली होती. तीस वर्षांनी चित्र उलटे झाले आहे.

याखेरीज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या २००५ आणि २००८ च्या आदेशांनुसार प्रत्येक जिल्ह्यात संनियंत्रण समिती असणे अपेक्षित आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. पोलिस अधीक्षक, जिल्हा जनसंपर्क अधिकारी, एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला व बालकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी तिचे सदस्य. स्थानिक केबल वाहिन्यांवर काय दाखवले जाते, तक्रारी कोणत्या येतात, हे या समितीने पाहायचे असते. किती जिल्ह्यांत ती नियमाने बैठका घेते, हा वेगळ्या बातमीचा विषय आहे.

फोन कंपनीच्या आयपीटीव्हीला संहिता लागू आहे, पण ती २००८ च्या तत्त्वांच्या वाटेने. कलम ११ आणि १९ यांची भाषा ‘केबलचालका’ला उद्देशून आहे. कंपनीने संहिता मोडल्याची तक्रार तालुक्यातून झाली, तर निर्णयाची सूत्रे प्रत्यक्षात मंत्रालय आणि परवाना देणारा दूरसंचार विभाग यांच्याकडे जातात. हुणसूरचा दंडाधिकारी एखाद्या चालकाचे नियंत्रण कक्षातील यंत्र सील करू शकतो; राष्ट्रीय कंपनीचा प्रवाह ज्या यंत्रांवरून येतो, ती त्याच्या उपविभागात असतीलच असे नाही.

थेट वाहिन्या मोबाइल अॅपवरून दाखवल्या, तर गुंता आणखी वाढतो. एका प्रसारण कंपनीने क्रिकेटचे सामने आपल्या अॅपवर फुकट दाखवले, याविरुद्ध केबल कंपन्यांचा अखिल भारतीय संघ २०२३ मध्ये दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे (टीडीसॅट) गेला होता. अशी अॅप ‘ट्राय’च्या कक्षेत येत नाहीत, ती माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांखाली मोडतात, असे प्राथमिक मत न्यायाधिकरणाने नोंदवले. एकच वाहिनी केबलवरून आली तर एक कायदा, फोन कंपनीच्या बॉक्समधून आली तर दुसरी चौकट आणि अॅपमधून आली तर तिसरी, अशी आजची स्थिती आहे.

गावाची वाहिनी

या साऱ्यात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. केबलच्या जाळ्यावर चालकांच्या स्वतःच्या वाहिन्या असतात. गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, नगरपालिकेची सभा, पाणी कधी येणार याची सूचना, एवढाच त्यांचा आवाका. राष्ट्रीय वाहिन्यांच्या दृष्टीने यात बातमी नसते. धरणाखालच्या गावाला मात्र पाणी सोडण्याची वेळ ही दिवसाची सर्वांत मोठी बातमी असू शकते.

या वाहिन्यांसाठी केंद्राने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी तत्त्वे जाहीर केली. एकूण वाहिन्यांच्या ५ टक्क्यांपर्यंत अशा वाहिन्या ठेवता येतात, प्रत्येकीसाठी १ हजार रुपये नोंदणी शुल्क आहे आणि स्थानिक गरज लक्षात घेऊन जिल्हा पातळीवर आणखी दोन वाहिन्यांची सवलत आहे. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील, तर बहुविध प्रणाली चालक, म्हणजे एमएसओ, नोंदणीकृत कंपनी असला पाहिजे. ही अट जबाबदारी निश्चित करण्यासाठी आहे, हे खरे. पण तालुका पातळीवर मालकी हक्काने चालणाऱ्या व्यवसायाला कंपनी होणे आणि तिचे हिशेब ठेवणे परवडेल का, याचा विचार तत्त्वे करताना कितपत झाला, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. फोन कंपन्यांच्या शेकडो वाहिन्यांच्या यादीत गावच्या वाहिनीला जागा द्यावी, असे बंधन मात्र कोणत्याही तत्त्वात नाही. ग्राहक केबलवरून फायबरवर गेला की त्या घरातून ती वाहिनी निघून जाते.

ग्राहकाचे बिल, चालकाचा वाटा

दरांचे नियमन पूर्णपणे ‘ट्राय’कडे आहे, तालुका, जिल्हा किंवा राज्याला त्यात स्थान नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या व्यवस्थेत १०० वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीसाठी महिना १३० रुपये जाळे शुल्क ठरले. पुढे त्याच रकमेत २०० वाहिन्या आल्या. एमएसओ आणि स्थानिक चालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर हे शुल्क ५५:४५ या प्रमाणात वाटायचे असते. म्हणजे कर वगळता चालकाच्या पदरी दर जोडणीमागे ५८ रुपये ५० पैसे. तार तुटली तर ती जोडायला खांबावर चढण्याचे काम याच पैशांत येते. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने या शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली. स्पर्धा आहे, तेथे दर आपोआप आवाक्यात राहतील, हा त्यामागचा तर्क.

आयपीटीव्हीलाही हीच दरव्यवस्था लागू आहे. परंतु कंपनीच्या एकत्रित बिलात इंटरनेट, फोन आणि टीव्ही एका रकमेत येतात. टीव्हीचे नेमके किती, हे ग्राहकाला कळत नाही आणि कळून घेण्याची गरजही त्याला वाटत नाही. केबलचालकाच्या पावतीत तेवढाच एक आकडा असल्याने तो महाग वाटतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी प्रेक्षकांसाठी येथे एक व्यावहारिक मुद्दा आहे. म्हैसूर, बेळगाव किंवा बिदरमधील मराठी कुटुंबाला कन्नड पुड्यात मराठी वाहिन्या मिळतीलच असे नाही. मात्र केबल, डीटीएच आणि आयपीटीव्ही या तिन्हींवर, ती सेवा जी वाहिनी पुरवते, ती सुटी निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. अॅपवरील टीव्हीसाठी असा हक्क नाही. तेथे कंपनीने यादीत ठेवले तेवढेच.

देशभरातील कल कोणत्या दिशेने आहे, याचे चित्र केबल कंपन्यांच्या अखिल भारतीय संघाने ‘ईवाय’ या सल्लागार संस्थेसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून दिसते. पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. २८ हजारांहून अधिक स्थानिक चालकांच्या सर्वेक्षणावर आधारित या अहवालात याच काळात ५.७७ लाखांपर्यंत रोजगार गेल्याचा अंदाज आहे. अहवाल या व्यवसायाच्या संघटनेचा आहे, हे लक्षात ठेवूनच ते आकडे वाचायला हवेत. शिवाय या घसरणीचे कारण एकट्या फोन कंपन्या नाहीत. मोफत डिश आणि मोबाइलवरील व्हिडिओ यांचाही त्यात वाटा आहे.

कर : स्थानिक संस्थांचा उरलेला अधिकार

वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये आला, तेव्हा राज्यांचे करमणूक कर त्यात विलीन झाले आणि केबल सेवेवर १८ टक्के दर लागू झाला. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखा केबल जोडण्यांची मोजणी करीत असे. चालक किती जोडण्या लपवतो आणि शाखा किती शोधते, हा वर्षानुवर्षांचा खेळ होता. तो संपला. पण १०१ व्या घटनादुरुस्तीने एक खिडकी उघडी ठेवली. राज्य सूचीतील नोंद ६२ नुसार पंचायत किंवा नगरपालिका करमणुकीवर कर आकारू शकते, अर्थात राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिला तर. केबल आणि डीटीएचवर राज्ये करमणूक कर लावू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. तो प्रामुख्याने वस्तू व सेवा करापूर्वीच्या काळातील वादांवरचा आहे. तरी प्रसारण हे केंद्राचे आणि करमणूक हे राज्याचे क्षेत्र, ही त्यातील विभागणी स्थानिक संस्थांच्या उपयोगाची ठरू शकते. आयपीटीव्ही हीही करमणूकच. ब्रॉडबँडच्या बिलातून तेवढा भाग वेगळा कसा काढायचा, हा प्रश्न मात्र एखादी नगरपालिका कर लावायला निघाली की पहिल्याच दिवशी उभा राहील.

अमेरिकेतील उलटा क्रम

हाच संघर्ष अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी झाला. पण तेथे तो गावांच्या बाजूने सुरू झाला. केबल कंपनीला परवाना देण्याचा अधिकार तेथे शहर किंवा काउंटीकडे असे. त्या मोबदल्यात उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क आणि लोकांच्या कार्यक्रमांसाठी राखीव वाहिन्या मिळत. फोन कंपन्यांना १९९६ च्या कायद्याने टीव्हीत येण्याची मोकळीक दिली, तरी प्रत्येक गावाशी वेगळी बोलणी करणे त्यांना नको होते. टेक्सास राज्याने २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये परवान्याचे अधिकार राज्य पातळीवर नेले. डिसेंबर २००६ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाने, रस्त्याचा हक्क आधीच असलेल्या कंपनीच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन गावांवर घातले. तेथील गावांनी हातातला अधिकार गमावला. भारतातील गावांकडे तो कधी आलाच नव्हता.

पुढे काय?

१९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा मसुदा केंद्राने १० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केला होता. केबल, डीटीएच, आयपीटीव्ही आणि ऑनलाइन सेवा या सर्वांना एका कायद्याखाली आणण्याचा त्यात प्रस्ताव होता. ऑनलाइन मजकुराच्या तरतुदींवरून वाद झाला आणि मसुदा पुढे सरकला नाही. चर्चा जवळजवळ संपूर्णपणे अभिव्यक्ती स्वातंत्र्याभोवती फिरली, ते स्वाभाविक होते. परंतु त्याच मसुद्यात तालुक्यातील केबलचालक आणि फोन कंपनी एका तराजूत कसे तोलले जाणार, याचेही उत्तर दडलेले होते आणि त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

दरम्यान, सप्टेंबर २०२३ मध्ये केबल नियमांत झालेल्या दुरुस्तीने केबलचालकाला ब्रॉडबँड कंपनीबरोबर शेवटच्या टप्प्यातील तारांची भागीदारी करण्याची मुभा दिली आहे. कंपनीला गल्लीबोळ ठाऊक नसतात आणि तक्रार आल्यावर अर्ध्या तासात दारात पोहोचणारा माणूस तिच्याकडे नसतो. चालकाकडे हे दोन्ही असते; भांडवल नसते. ही भागीदारी कोणत्या अटींवर व्हावी, चालकाला दरमहा काय मिळावे, करार मोडल्यास तारेवर हक्क कोणाचा, हे नियमांनी दोघांवर सोडले आहे. वाद झालाच, तर प्रसारण व्यवसायातील तंट्यांसाठीचे न्यायाधिकरण ‘टीडीसॅट’ हेच आहे आणि ते नवी दिल्लीत आहे. एच. डी. कोटेच्या चालकाला तेथे उभे राहायचे, तर आधी वकील शोधावा लागेल आणि मग सुमारे अडीच हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागेल.